चौऱ्याऐंशी गावांचं पाणी

हैदराबादच्या मलकपेठ आणि अंबरपेठ या भागांच्या मधून मुसी नदी वाहते. तिच्यावरचा मूसारामबागचा जुना पूल फारच बुटका होता. वरच्या बाजूला हिमायतसागरचे दरवाजे उचलले, की काही तासांत पोलीस या पुलाच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावायचे. वाहतूक वळायची आणि मलकपेठच्या कांदा बाजारात नाशिक-अहिल्यानगरहून माल घेऊन आलेले ट्रक चादरघाटच्या कोंडीत अडकायचे. आता त्याच्या जागी उंच पूल बांधायला घेतला आहे. त्याने वाहतुकीचा प्रश्न सुटेल. नदीला पूर का येतो, हा प्रश्न पुलाच्या उंचीने सुटणारा नाही. त्याचं उत्तर मलकपेठपासून वीस-पंचवीस किलोमीटर पश्चिमेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

तिथे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जुने जलाशय आहेत. त्यांच्याभोवती दहा किलोमीटरच्या परिघात ८४ गावांची जमीन १९९६ मध्ये एका शासन आदेशाने बांधकामापासून राखून ठेवली गेली. आदेशाचा क्रमांक १११. हैदराबादेत जमिनीचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही ‘ट्रिपल वन’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ही १ लाख ३२ हजार ६०० एकर जमीन अभयारण्य नाही की राखीव जंगलही नाही. त्यात शेतं आहेत, गावठाणं आहेत, ओढे-तलाव आहेत, देवळं आहेत, माणसं राहतात. शहराच्या कडेचा असा नांदता भूभाग पाण्यासाठी जपायचा, हा देशातल्या मोजक्या प्रयोगांपैकी एक. गेल्या काही वर्षांत तो मोडायची घाई सुरू झाली. म्हणूनच तो मुळात कशासाठी होता, हे सांगणं गरजेचं झालं आहे.

२८ सप्टेंबर १९०८. त्या काळी साडेचार लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या हैदराबादेत मुसीचं पाणी शिरलं. आदल्या दिवसापासून वरच्या भागात पाऊस कोसळत होता. शमशाबादच्या पर्जन्यमापकात २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली. अफजल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे पूल वाहून गेले. कुतुबशाहीत १५७८ मध्ये बांधलेला पुरानापूल मात्र तग धरून राहिला. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे १५ हजार सांगितला जातो. सुमारे १९ हजार घरं पडली आणि ऐंशी हजार माणसं उघड्यावर आली. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे.

पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. कर्नाटकाने त्यांना आपलं मानलं हे योग्यच, पण इंजिनिअर म्हणून ते घडले महाराष्ट्रात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये पदवी घेतल्यावर ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांनी नोकरीची बरीच वर्षं काढली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेतले. मुंबई सरकारची नोकरी सोडून ते युरोपात फिरत असताना हैदराबादचं बोलावणं आलं. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते शहरात दाखल झाले आणि १ ऑक्टोबरला त्यांनी अहवाल दिला.

या अहवालाच्या दोन सूचना सगळ्यांना ठाऊक आहेत: मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर एक, असे दोन पूरनियंत्रक जलाशय. पण त्याआधी विश्वेश्वरय्यांनी जे मोजलं ते जास्त महत्त्वाचं आहे. शहराच्या वरच्या अंगाला ८६२ चौरस मैलांचं पाणलोट क्षेत्र होतं आणि त्यात ७८८ तलाव होते. जवळपास दर चौरस मैलाला एक. तेलंगणात ज्यांना चेरुवू आणि कुंटा म्हणतात ते हे गावतलाव, काकतीयांच्या काळापासून बांधत आलेले, एकाच्या सांडव्याचं पाणी खालच्यात जाईल असे ओळीने रचलेले. १९०८ च्या पावसात यातले २२१ फुटले. एक फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर आदळायचा, तोही फुटायचा. शहरावर आलेलं पाणी केवळ आभाळातलं नव्हतं. साखळीने फुटलेल्या बांधांमागे अडलेलं पाणीही त्यात होतं.

म्हणजे पूर शहरात मोजला, तरी तो ठरला होता वरच्या शिवारांत.

जलाशय बांधले गेले. उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. पहिल्याला सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचं नाव, दुसऱ्याला त्याच्या थोरल्या मुलाचं. उस्मानसागरला लोक शेजारच्या गावावरून गंडीपेठ म्हणतात. गंडीपेठचं पाणी एकदा प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असं जुन्या शहरात आजही ऐकू येतं. पूर अडवण्यासाठी बांधलेले हे जलाशय शहराची तहानही भागवू लागले. पाणी उंचावरून उताराने आसिफनगरच्या गाळण टाक्यांपर्यंत यायचं, पंपाची गरज नव्हती.

इथे एक पेच आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची कुठलीच चर्चा नीट होत नाही. पूर अडवायचा तर जलाशयात जागा मोकळी हवी. पिण्यासाठी पाणी साठवायचं तर तो भरलेला हवा. दोन्ही कामं एकाच धरणाकडून करून घेताना पावसाळ्याच्या शेवटी जलाशय काठोकाठ असतो आणि नेमका तेव्हाच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा दख्खनवर चालून येतो. मग वरून येईल तेवढं पाणी खाली सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. मलकपेठच्या लोकांनी हे अनुभवलं आहे.

थोडा हिशेब करून पाहू. एक एकर जमिनीवर १० सेंटिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटरच्या आसपास पाणी होतं. दोन्ही जलाशयांचं पाणलोट क्षेत्र मिळून दोन हजार चौरस किलोमीटरच्या घरात जातं. या सगळ्यावर १० सेंटिमीटर पाऊस झाला आणि त्यातला थेंबही जमिनीत मुरला नाही असं धरलं, तर सात टीएमसीहून थोडं जास्त पाणी जमा होईल. उस्मानसागरची साठवण क्षमता ३.९ टीएमसी, हिमायतसागरची २.९७. दोन्ही पूर्ण रिकामे असले तरी ते पाणी त्यांत मावणार नाही. आणि १९०८ मध्ये शमशाबादला दोन दिवसांत ४८ सेंटिमीटर पाऊस झाला होता.

या हिशेबातून दिसतं ते इतकंच की शहराला पुरापासून धरणाच्या भिंतीने जेवढं वाचवायचं, त्याहून जास्त वरच्या जमिनीने वाचवायचं आहे. नांगरलेलं शेत, गवताळ माळ, झाडांखालची जमीन, गावतलाव हे पाणी मुरवतात, अडवतात आणि उशिरा सोडतात. डांबर, फरशी, पत्र्याची छपरं आणि काँक्रीटची गटारं पाणी तासाभरात नदीत पोचवतात. पाऊस तेवढाच पडला तरी जमीन बदलली की पूर बदलतो.

मुसी अनंतगिरीच्या डोंगरात, विकाराबादजवळ उगम पावते आणि सुमारे २४० किलोमीटर वाहून वाडपल्लीला कृष्णेत मिसळते. हैदराबादहून विजापूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने निघालं की हा सगळा प्रदेश डोळ्यांखालून जातो. मोईनाबाद, चेवेल्ला, शंकरपल्ली, शाबाद, शमशाबाद, राजेंद्रनगर या मंडलांत ट्रिपल वनची बहुतेक गावं येतात. भाजीपाला आणि फुलं ही इथली पिकं. चेवेल्ल्याची गाजरं, टोमॅटो शहरातल्या बाजारांत जातात. याच रस्त्यावर ४५-४६ किलोमीटरच्या टप्प्यात नऊशेच्या आसपास जुने वड दुतर्फा उभे आहेत. रस्ता रुंद करताना ते जाऊ नयेत म्हणून हैदराबादच्या नागरिकांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत झगडा नेला. उस्मानसागरच्या काठी चिलकूरचा बालाजी आहे, परदेशी जाणारी मुलं व्हिसासाठी नवस बोलायला येतात तो. शेजारी मृगवनी राष्ट्रीय उद्यान. १९९४ मध्ये घोषित झालेलं, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, चितळांचं रान. वाचकांना सहसा या उद्यानाची ओळख असते, कारण त्याला कुंपण आहे, फाटक आहे, तिकीट आहे. त्याच्या दीडशेपट मोठी असलेली भोवतालची संरक्षित जमीन कोणी संरक्षित म्हणून ओळखत नाही.

नव्वदीच्या दशकात हैदराबाद पश्चिमेला सरकू लागलं तेव्हा धोका दिसू लागला. १९९४ मध्ये एक आदेश निघाला आणि ८ मार्च १९९६ रोजी जी.ओ. १११. पूर्णसंचय पातळीपासून दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं, निवासी वसाहती यांना मनाई झाली. ९० टक्के जमीन शेती, फळबागा, वनीकरण अशा वापरासाठी राखायची, बांधकामाचं चटईक्षेत्र ०.५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, असे नियम त्यात होते. आदेश लिहिणाऱ्यांच्या मनात प्रामुख्याने पिण्याच्या पाण्याची शुद्धता होती. पुराचा मुद्दा त्यात आपोआप साधला गेला.

आदेशाची खरी परीक्षा सर्वोच्च न्यायालयात झाली. शमशाबाद मंडलातल्या पेद्दाशापूर गावात एका कंपनीला एरंडेलापासून रसायनं तयार करण्याचा कारखाना काढायचा होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने नकार दिला. दरम्यान राज्य सरकारने या एकाच कारखान्याला दहा किलोमीटरच्या अटीतून सूट देऊन टाकली, कंपनीने अपील केलं, आणि अपील प्राधिकरणाने तज्ज्ञांच्या प्रतिज्ञापत्रांवर विसंबून कारखान्याच्या बाजूने कौल दिला. ‘आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायुडू’ या नावाने हा खटला आज प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला शिकवला जातो. जानेवारी १९९९ च्या निकालात न्यायमूर्ती मजमुदार आणि न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या पीठाने सावधगिरीच्या तत्त्वाचा तपशीलवार ऊहापोह केला: नुकसान होईलच याचा पक्का पुरावा नसला तरी ते अपरिवर्तनीय असण्याची शक्यता असेल तर आधी थांबायचं, आणि आपल्या कामाने अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम करू पाहणाऱ्यावर टाकायची. डिसेंबर २००० मधल्या अंतिम निकालात न्यायालयाने सरकारने दिलेली सूटच बेकायदा ठरवली. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असताना सरकारला एका उद्योगासाठी बंदी शिथिल करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

देशभरच्या पर्यावरण खटल्यांना आधार देणारा हा निकाल हैदराबादच्या या दोन तलावांच्या काठी घडला, याचा शहराला अभिमान वाटायला हवा होता.

तसं झालं नाही, आणि त्याला कारणंही आहेत. ८४ गावांतल्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. त्याच्या बांधापासून काही किलोमीटरवर कोकापेटमध्ये ऑगस्ट २०२३ च्या सरकारी लिलावात एक एकर जमीन शंभर कोटी रुपयांवर गेली. त्याच्या जमिनीला मात्र नियमाची वेसण. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी दोन एकर विकायला काढले तर गिऱ्हाईक ‘ट्रिपल वनमध्ये आहे’ म्हणून भाव पाडतो. त्याच वेळी डोळ्यांदेखत मोठ्यांची फार्महाऊस, रिसॉर्ट, लग्नाचे फंक्शन हॉल, महाविद्यालयं उभी राहताना तो पाहतो. नियम आपल्याला आणि सवलत त्यांना, ही भावना खोटी नाही. शहराच्या पाण्यासाठी या गावांनी आपल्या जमिनीची किंमत गमावली आणि शहराने त्याबद्दल त्यांना काहीही दिलं नाही. ना रोख मोबदला, ना दुसरीकडे वापरता येईल असा विकास हक्क. संरक्षणाचा सगळा भार ज्यांच्यावर टाकला त्यांना त्याचा वाटाच दिला नाही, तर ते संरक्षण टिकावं कसं?

राजकीय पक्षांनी ही नाराजी अचूक हेरली. १२ एप्रिल २०२२ रोजी तेलंगणा सरकारने जी.ओ. ६९ काढला आणि जलाशयांच्या पाण्याचा दर्जा बिघडू नये एवढी अट ठेवून १११ मधले निर्बंध उठवले. मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मूळ आदेशच रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामागचा युक्तिवाद असा, की शहर आता या जलाशयांवर अवलंबून नाही. ते खरंही आहे. १९६५ पासून मंजिरेचं पाणी येतं. मंजिरा म्हणजे आपली मांजरा, बीडच्या बालाघाटातून निघून धाराशिव-लातूरमार्गे तेलंगणात उतरणारी. पुढे सिंगूरचं पाणी आलं, मग नागार्जुनसागरहून कृष्णेचं, आणि २०१५ पासून येल्लमपल्लीहून गोदावरीचं. आज हैदराबादच्या गरजेतला अगदी थोडा वाटा गंडीपेठ आणि हिमायतसागर भागवतात.

या युक्तिवादाला निदान तीन उत्तरं आहेत. कृष्णा आणि गोदावरीचं पाणी शंभरावर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणावं लागतं, त्याच्या विजेचे पैसे दर महिन्याला मोजावे लागतात. मांजरेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की काय होतं, हे २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी नेताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. उशाशी असलेला स्वस्त साठा अशा काळासाठी हाताशी हवा. पण तिसरं उत्तर सगळ्यांत मोठं, आणि सरकारी कागदांत ते जवळजवळ येतच नाही: हे जलाशय मुळात केवळ पिण्यासाठी बांधले नव्हते. ते आधी पुरासाठी होते. शहराने पाणी दुसरीकडून आणलं म्हणून ईसीचा पूर दुसरीकडून जाणार नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये याचा अनुभव आला. १३ तारखेच्या पावसाने हैदराबाद बुडालं, हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा तेच घडलं. दोन्ही जलाशयांतून सोडलेल्या पाण्याने नदी इतकी चढली की महात्मा गांधी बसस्थानकात पाणी घुसलं आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. चादरघाट आणि मूसारामबागचा परिसर पाण्याखाली गेला. १९०८ च्या पुराच्या तारखेच्या आसपासच.

पुण्याच्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल बंद होतो, हे तिथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या आठवणी सांगणारी माणसं अजून पुण्यात आहेत. पुण्याच्या धरणांच्या वरही डोंगर फोडून बंगल्यांच्या योजना उभ्या राहिल्या आहेत आणि तिथे ट्रिपल वनसारखा पाणलोटाला कवेत घेणारा एक स्वतंत्र नियम कधी आलाच नाही. हैदराबादकडे तो होता, हे पुणेकरांना कळलं तर त्यांना हेवा वाटेल.

मुंबईचं उदाहरण मात्र दिलासा देणारं आहे. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पाणीपुरवठ्यासाठी तयार झाले. शहराला त्यांचं पाणी प्यायचं होतं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. आज बोरिवलीचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, त्यातले बिबटे, त्यातली कान्हेरी लेणी हे सगळं मुंबईच्या पोटात टिकून आहे, त्यात या दोन तलावांच्या पाणलोटाचा मोठा वाटा आहे. मुंबईला आता विहार-तुळशीतून मिळणारं पाणीही एकूण गरजेच्या मानाने नगण्य आहे. म्हणून पाणलोट बिल्डरांना मोकळा करा, असं तिथे कोणी म्हणायला धजत नाही. जमिनीला एकदा ‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव लागलं की तिची ताकद वाढते. ट्रिपल वनच्या गावांना असं नाव नाही, आणि देताही येणार नाही, कारण तिथे माणसांनी राहायचं आहे, शेती करायची आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने संरक्षित क्षेत्रांचे जे वर्ग केले आहेत, त्यांत पाचवा वर्ग नेमका अशा भूभागांसाठी आहे: माणूस आणि निसर्ग यांच्या शतकांच्या देवाणघेवाणीतून घडलेला भूप्रदेश, जो माणसांसकट जपायचा. युरोपात असे असंख्य प्रदेश आहेत. आपल्या कायद्यात अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान आहे, राखीव वन आहे. शेतीसकट जपायच्या भूभागासाठी घट्ट पाया असलेली जागा नाही. म्हणून हैदराबादेत ते काम एका साध्या शासन आदेशावर सोपवलं गेलं आणि साधा आदेश दुसऱ्या आदेशाने मागे घेता येतो.

मलकपेठच्या बाजूने या गोष्टीला आणखी एक दुखरी कड आहे. २०२४ मध्ये मुसी नदीकाठाच्या विकासाची योजना पुढे आली. चादरघाटजवळच्या शंकरनगर, मूसानगर या वस्त्यांमध्ये घरांच्या भिंतींवर लाल रंगात ‘आरबी-एक्स’ अशी खूण मारली गेली, म्हणजे हे घर नदीपात्रात येतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रिकामी केलेली घरं पाडायला सुरुवात झाली. कुटुंबांना डबल बेडरूम योजनेतली घरं देण्यात आली. कुणी गेले, कुणी रोजगार जवळ राहिला नाही म्हणून रडले. नदीपात्रात राहणं धोक्याचं आहे हे निर्विवाद. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या यंत्रणेने उस्मानसागरच्या हद्दीतली काही धनिकांची बांधकामंही पाडली, तेही योग्यच झालं. पण खालच्या काठावरच्या गरिबाला पुराच्या भीतीने उठवायचं आणि पूर जिथे तयार होतो तिथली जमीन मोठ्या इमारतींसाठी खुली करायची, या दोन गोष्टी एकाच नकाशावर बसत नाहीत. वर काँक्रीट वाढलं तर पात्राची रेषाच पुढे सरकेल, आणि आज सुरक्षित वाटणाऱ्या मलकपेठच्या गल्ल्याही त्या लाल खुणेच्या आत येतील.

यातून वाट काढलेलं शहर जगात आहे. न्यूयॉर्कला मिळणारं बहुतेक पाणी शहरापासून दूर, कॅट्सकिल आणि डेलावेअर या पाणलोट क्षेत्रांतून येतं. नव्वदीच्या दशकात त्या शहरापुढे पर्याय होता: अब्जावधी डॉलर खर्चून गाळण प्रकल्प बांधायचा, किंवा वरच्या खोऱ्यातली जमीन नीट ठेवायची. जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि वरच्या भागातली गावं यांच्यात करार झाला. शहराने राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमीन घेतली, शेतकऱ्यांना ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखण्यासाठी आणि शेणखताच्या व्यवस्थेसाठी पैसे दिले, गावांच्या सांडपाण्याची कामं स्वतःच्या खर्चाने केली. गावं सुरुवातीला कडाडून विरोधात होती. करारात त्यांना बरोबरीचा वाटा मिळाल्यावर ती सामील झाली. त्या शहराच्या पाण्याचा मोठा भाग आजही गाळण प्रकल्पाविना नळाला येतो.

हैदराबादला हे अशक्य नाही. महानगरपालिकेच्या मालमत्ता कराचा आणि कोकापेटसारख्या लिलावांच्या उत्पन्नाचा छोटा हिस्सा बाजूला काढला तरी ८४ गावांतल्या शेतकऱ्यांना एकरी वार्षिक रक्कम देता येईल: तुम्ही शेत शेतच ठेवता, तलाव बुजू देत नाही, म्हणून. शहराच्या दुसऱ्या भागात वापरता येईल असा हस्तांतरणीय विकास हक्कही देता येईल. मुंबईत आरक्षित जमिनींसाठी ही पद्धत नव्वदीपासून वापरात आहे. पुराचा हिशेब पिण्याच्या पाण्यापेक्षा वेगळा मांडून जलाशयांत सप्टेंबरपुरती किती जागा मोकळी ठेवायची ते ठरवता येईल. आणि या सगळ्याच्या आधी करण्याचं काम म्हणजे विश्वेश्वरय्यांची मोजणी पुन्हा करणं. ७८८ तलावांपैकी आज किती उरले, कुणाचा सांडवा बुजला, कुठला ओढा प्लॉटखाली गेला, हे गावागावांत जाऊन, सर्व्हे नंबरसकट नोंदवून तेलुगू आणि उर्दूत पंचायतींच्या आणि मलकपेठच्या प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावणं. १९०९ मध्ये एका माणसाच्या देखरेखीखाली हे काम सहा महिन्यांत झालं होतं.